तालमीची हजेरी

मार्गशीर्ष लागला म्हणजे आमच्या चिंचवडात दोन तयाऱ्या एकदमच सुरू होतात. पवनेच्या काठी श्रीमोरया गोसावींच्या समाधि-महोत्सवाची, आणि गावातील झाडून साऱ्या शाळांतून वार्षिक स्नेहसंमेलनाची. महोत्सवास कोण आला व कोण आला नाही याची वही कोणी ठेवीत नाही. संमेलनाच्या नाटकाची मात्र ठेवावी लागते, आणि त्या वहीवरून दर वर्षी घराघरांतून रुसवेफुगवे होतात.

गेल्या महिन्यात एका वाचक-भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांचा मुलगा आठवीत शिकतो. नाटकाच्या तालमीस तो एक दिवसही चुकलेला नाही. पावसात भिजत गेला, सर्दी अंगावर काढून गेला. असे असता शिक्षकांनी मुख्य भूमिका त्याला व दुसऱ्या एका मुलाला मिळून वाटून दिली, आणि हा दुसरा मुलगा आठवड्यातून दोनतीन दिवस तालमीस फिरकतच नाही! ‘येणाऱ्याचे श्रम आणि न येणाऱ्याचा मान, हा कोठला न्याय? आपण शिक्षक होता, तेव्हा आपणच सांगावे,’ असे त्या लिहितात.

आम्ही छत्तीस वर्षे शिक्षकी केली व त्यांतील निदान तीस वर्षे संमेलनाचे नाटक आमच्याच गळ्यात होते. याचे कारण आमची नाट्यकुशलता नव्हे. आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची, आणि पुढे पाठशाळेत थोडेफार संस्कृत झालेले. परंतु ज्याला शाकुंतल कळते त्याला नाटक बसविताही येत असलेच पाहिजे, असा आमच्या मुख्याध्यापकांचा समज होता व तो आम्हांस शेवटपर्यंत खोडून काढता आला नाही. तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असे समजून लिहितो.

प्रथमतः कबूल केले पाहिजे की, पहिली बारापंधरा वर्षे आम्हीही भगिनींच्याच मताचे होतो. आमचा नियम साधा होता: तीन तालमी चुकल्या की नाव कमी. यादी फळ्यावर लिहिलेली असे, व ज्याचे नाव कमी व्हावयाचे त्यावर खडूची आडवी रेघ आम्ही सर्वांसमक्ष ओढीत असू. त्या वेळी मुलांना एक गोष्टही न चुकता सांगत असू. १९११ साली मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते प्रयोगास उभे राहिले, ही ती गोष्ट. गोष्ट खरी आहे व थोर आहे. परंतु ती बारा वर्षांच्या पोरास सर्दीच्या दिवशी सांगण्यासाठी नाही, हे आम्हांस फार उशिरा उमजले. बालगंधर्व हे व्यवसायी नट होते. त्यांच्या उभे राहण्यावर किर्लोस्कर मंडळीतील कित्येकांचा संसार अवलंबून होता. आमच्या सहावी-सातवीच्या नाटकावर कोणाची चूल पेटणार होती?

१९९६ सालची गोष्ट. सातवीतील एका मुलास आम्ही एका ऐतिहासिक नाटिकेत राजाची भूमिका दिली होती. आवाज खणखणीत, वर्ण स्वच्छ, आणि उभे राहण्याची एक उपजत ऐट. दोन अंकांच्या नकला त्याने चार दिवसांत पाठ केल्या. पुढे तो एकाएकी येईनासा झाला. आठ दिवस वाट पाहून (आमच्या नियमाने हे औदार्यच झाले) आम्ही रेघ ओढली व भूमिका एका डॉक्टरांच्या मुलास दिली. नवव्या दिवशी मुलगा आला. फळ्याकडे पाहिले, एक अक्षर बोलला नाही. मग तालीम चालू असेपर्यंत तो सभागृहाबाहेर खिडकीशी उभा राहून आत पाहत होता. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशी आमच्या मनाला ते टोचू लागले, म्हणून आम्ही खिडकी लावून घेतली.

त्याचा बाप आजारी होता, आई कामावर जाई, आणि बापाला दोन वेळचा डबा पोचविणारे घरात तेवढे एकच माणूस होते, हे आम्हांस उन्हाळ्यात, तो शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आला तेव्हा कळले. आम्ही विचारले असते तर आठ महिने आधीही कळले असते.

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक कथा आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला नाट्यप्रयोग चालू असता विघ्ने आली व त्यांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती ही तिन्ही गोठवून टाकली. इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांचे शरीर जर्जर केले. तरी उरलेली विघ्ने त्रास देतच राहिली. विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले, त्याच्या खांबाखांबांवर देवांची राखण बसविली, तरीही देवांचे समाधान होईना. तेव्हा ब्रह्मदेवाने सामाचा मार्ग धरला. विघ्नांस जवळ बोलावून, तुम्ही नाट्याच्या नाशास का उद्युक्त झाला आहा, असे सरळ विचारले. पाठशाळेत हा अध्याय आम्ही वाचला होता, पुढे तो इतरांस सांगितलाही होता. तथापि दंड आधी आणि प्रश्न मागाहून, हा क्रम आमच्या हातून वर्षानुवर्षे चालला.

विचारू लागलो तेव्हा जे समजले ते आमच्या ह्या मुलखाचेच वर्णन आहे. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता आकुर्डी-भोसरीपर्यंतची माळराने भरून गेली. पुढे शतकाच्या अखेरीस हीच लाट चाकणास पोचली. जेथे कांद्याच्या गाड्या तेवढ्या दिसत, तेथे मोटारींचे कारखाने आले. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून माणसे आली. त्यांची मुले आमच्या वर्गात आली. परंतु कारखान्याचा दिवस एक आणि शाळेचा दिवस दुसरा. पिंपरी-भोसरीकडील कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शाळेची रविवारी. तेव्हा बाप घरी असण्याचा, मामाकडे जाण्याचा, रेशनच्या कागदाला सही मिळविण्याचा दिवस म्हणजे गुरुवार. आम्ही मात्र रंगीत तालीम नेमकी गुरुवारी ठेवीत असू व निम्मी फौज गैरहजर पाहून कपाळास आठ्या घालीत असू. त्यातून पाळ्या. बाप दुसऱ्या पाळीस, आई ठेकेदाराकडे; त्या आठवड्यात धाकट्या भावंडास सांभाळणारा सातवीतला मुलगा. पाळी बदलली की तोच मुलगा पुढले दोन आठवडे नियमाने हजर! आम्ही त्यास ‘लहरी’ म्हणत असू. लहर त्याची नव्हे, कारखान्याच्या फलकावर लागलेल्या तक्त्याची होती.

भाड्याच्या खोल्यांचे तर विचारूच नये. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड मोशीहून चऱ्होलीस, आणि मुलाचे शाळेत येणे दोन बसगाड्यांचे. संध्याकाळी सहानंतर मुलीस थांबू न देणारे घर जुन्या मताचे असते असेही नाही. नाशिक रस्त्यावरील गर्दीत बस किती वाजता मिळेल याचा भरवसा नसलेले असते.

आमच्या नोकरीचे शेवटचे वर्ष २०१९-२० हे होते. त्या वर्षी आम्ही चाकणच्या संग्रामदुर्गावर एक नाटिका मुलांकडूनच रचविली. १६६० च्या पावसाळ्यात शाईस्तेखानाच्या प्रचंड फौजेस फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर लोकांनिशी सुमारे दोन महिने झुंजविले, व अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावर गड गेला, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. एका बुरुजावरील पहारेकऱ्याची भूमिका सातवीतील एका मुलीस दिली होती. नोव्हेंबरअखेर तिचे येणे बिघडले. एक दिवस यावी, एक दिवस येऊ नये. पुन्हा यावी, पुन्हा येऊ नये. वहीतील तिच्या नावासमोरची ओळ बुद्धिबळाच्या पटासारखी दिसू लागली. इतकी नियमित अनियमितता आम्ही जन्मात पाहिली नव्हती! शेवटी तिला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, “सर, काल पाणी होतं.”

त्याच महिन्याच्या अखेरीस महापालिकेने शहरास दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला होता. तिच्या वस्तीत ते संध्याकाळी येई, नळ सामाईक, आई कामावरून रात्री परत येणार. आमच्या स्वतःच्या इमारतीस टाकी असल्यामुळे ही व्यवस्था सुरू झाल्याचे आम्हांस केवळ वर्तमानपत्रातून समजले होते.

त्या रात्री आम्ही हजेरीची वही बाजूस ठेवून तालमीचे एक पंचांग आखले. तिथि-वार-नक्षत्राच्या जागी बापाची पाळी, गुरुवार, पाण्याचा दिवस, बसगाडी, घरचे कार्य. प्रत्येक मुलाने आपापले रकाने भरले. चारपाच दिवसांतच दिसून आले की, बावीस मुलांपैकी बावीस एकदम हजर असतील असा दिवस साऱ्या डिसेंबरात एकच आहे. तो रंगीत तालमीसाठी राखून ठेवला. बाकी दिवस जो प्रवेश ज्यांच्याने शक्य तो प्रवेश बसवावयाचा. पहिला प्रवेश आधी व शेवटचा शेवटी, हा हट्ट सोडताच निम्मे काम हलके झाले.

दुसरे असे की, तालमीच्या आरंभी दहा मिनिटे ‘कालचा वृत्तान्त’ होऊ लागला. काल जो नव्हता त्यास काल जो होता त्याने घडलेले सारे सांगावयाचे; आम्ही मध्ये बोलावयाचे नाही. आमच्या कल्पनेबाहेर याचा उपयोग झाला. सांगणारा मुलगा उभा राहून हातवारे करी, दुसऱ्यांची भाषणे म्हणून दाखवी, आणि आपणही नटच आहोत हे विसरून उत्तम नटासारखा वागे. ज्यांस आम्ही ‘आवाज नाही’ म्हणून भालदार-चोपदारांत ढकलले होते, त्यांपैकी दोघांना आवाज असल्याचा शोध ह्या वृत्तान्तातच लागला.

आणि तिसरी युक्ती आम्ही आमच्या संस्कृताच्या पोतडीतून काढली. भाण नावाचे जे एकपात्री रूपक आहे त्यात आकाशभाषित नामक संकेत असतो. रंगभूमीवर दुसरे पात्र नसतेच. नट शून्याकडे पाहून ‘काय म्हणतोस?’ असे विचारतो, न आलेल्या पात्राचे उत्तर स्वतःच उच्चारतो व त्यास प्रत्युत्तर देतो. ही रीत मुलांस दोन दिवसांत साधली. जो आलेला नाही त्याच्या जागी पोकळी सोडून त्याचे वाक्य पुढच्या पात्राने आपल्या तोंडात घ्यावयाचे: “काय म्हणतोस गड्या? दारू संपत आली?” त्यामुळे तालीम खोळंबत नसे, आणि पुढल्या दिवशी येणाऱ्यास आपली जागा कोठे आहे हे रिकामीच पण आयती सापडे. याचा अतिरेक होतो हेही सांगून टाकले पाहिजे. एका तालमीस दोनच मुले बुरुजावर उरली व शून्याशी इतके बोलू लागली की, पाहणाऱ्यांस गडावर भुतांचा संचार झाला आहे असे वाटावे. आम्हीच हसू आवरू शकलो नाही.

मुख्य भूमिकांस मात्र दोन-दोन मुले योजिली. फिरंगोजींचे लाल पागोटे ज्याच्या डोक्यावर तो फिरंगोजी. पहिल्या दोन प्रवेशांत एक, पुढच्या दोहोंत दुसरा. पहिला मुलगा अगदी भगिनींच्या चिरंजीवांसारखा, एकही तालीम न चुकलेला. दुसरा तोच पाळीच्या आठवड्यातला, आम्ही ज्यास लहरी म्हणत असू तो. आणि पत्रातील प्रश्नही तेव्हा आमच्यापुढे जसाच्या तसा आला. पहिल्या मुलाचे वडील शाळेत येऊन आम्हांस पुष्कळ बोलून गेले. त्यांचे बोलणे सर्वस्वी चूक होते असे नाही. वाटणी करण्यापूर्वी आम्ही त्यांच्या मुलास विश्वासात घेतलेच नव्हते. जो रोज येतो त्यास विचारावयाचे काय, तो आपला आहेच, असे शिक्षक धरून चालतो. न येणाऱ्यावर जसा आमचा एक अन्याय होता तसा हा येणाऱ्यावर दुसरा. आम्ही मुलाला बोलावून त्याची क्षमा मागितली व विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग, “बुरूज उडतो तो प्रवेश मला द्या, गडाच्या किल्ल्या देण्याचा त्याला द्या,” असे म्हणाला. वाटणी त्याच्या म्हणण्याप्रमाणे बदलली.

जानेवारीत, संमेलनाच्या दिवशी सकाळी, ह्याच मुलास सडकून ताप भरला. पागोटे त्याच्या घरी. दुपारी त्याचे वडील ते कागदात गुंडाळून स्कूटरवरून घेऊन आले, आमच्या हाती दिले, आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. त्या आठवड्यात दुसऱ्या मुलाच्या बापाची पहिली पाळी होती हे नाटकाचे दैव. तो चारही प्रवेशांत पागोटे घालून उभा राहिला. तिसऱ्या प्रवेशात, जो त्याचा नव्हता, तो मध्येच अडकला. प्रॉम्प्टरचा आवाजही गलक्यात बुडाला. तोच बुरुजावरची पहारेकरीण पुढे झाली व मोठ्याने म्हणाली, “काय म्हणता किल्लेदार? पश्चिमेच्या बुरुजाखाली सुरुंगाचा आवाज येतो?” किल्लेदाराने मान हलविली. प्रेक्षकांस ते नाटकातलेच वाटले. तो दिवस पाण्याचा होता; तिची पिंपे शेजारणींनी भरून ठेवल्याचे मागाहून कळले.

नाटिका उत्कृष्ट झाली असे आम्ही म्हणणार नाही. दोनदा पडदा चुकला, व शाईस्तेखानाची दाढी शेवटपर्यंत एका कानास लटकत राहिली. कडक शिस्तीच्या काळात आमची नाटके अधिक रेखीव होत, बक्षिसेही अधिक मिळत. त्या बक्षिसांच्या चषकांवर ज्यांची नावे आहेत ती सारी मुले आपल्या घरांतली, हे मात्र आम्हांस निवृत्त झाल्यावर एकदा ते कपाट पाहताना दिसले. आपल्या घरांतून मुलास तालमीस पोचविणारी आई असते, टाकीत पाणी असते, अभ्यासाला वेगळी खोली असते. नियमितपणा हा मुलाचा गुण आहेच. पण तो पुष्कळ अंशी घराचाही असतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. नाटकाच्या यादीतून काढण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेथे केवळ मास्तराच्या हातातला खडू आहे.

तेव्हा भगिनी, आपले म्हणणे असे मांडावे असे आम्ही सुचवितो. शिक्षकांस जरूर भेटावे. परंतु ‘त्याला का घेतले’ हे न विचारता ‘माझ्या मुलास विचारून वाटणी केली होती काय’ हे विचारावे. तो प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर आपणांस मिळालेच पाहिजे. आणि चिरंजीवांस एवढेच विचारावे की, तुझ्या जोडीदाराचे घर कोठे आहे, व कोणत्या दिवशी तो येत नाही. त्यास ठाऊक असेल. मुलांस हे आपल्याहून व मास्तरांहून आधी ठाऊक असते. जमल्यास न येण्याच्या दिवशी त्याने जोडीदाराकडे जाऊन वृत्तान्त सांगून यावे. तेवढ्यासाठी आपल्याला त्यास एखादे दिवशी उशिरापर्यंत बाहेर राहू द्यावे लागेल.

तालमीच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाच्या हाती, मग तो भालदार का असेना, आपापली नक्कल न देता नाटकाची संपूर्ण प्रत द्यावी, असेही आम्ही आमच्या मागून नाटके बसविणाऱ्या तरुण शिक्षकांस आवर्जून सांगत असतो. ते कारण विचारतात.

२०११ साली एका दुपारी चाकणास तळेगाव चौकात आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. पुढे वाहनांची नेहमीप्रमाणे रीघ लागली होती. कारखान्याच्या निळ्या गणवेषातील एक गृहस्थ जवळ आला व वाकून नमस्कार करून त्याने आपले नाव सांगितले. खिडकीशी उभा राहिलेला तो मुलगा. आम्हांस काय बोलावे ते सुचेना. त्याने वडिलांचे सांगितले, ते त्याच वर्षी गेले. आपल्या मुलीचे सांगितले, ती पहिलीत होती. मग त्याची कंपनीची बस आली, आणि पायरीवर एक पाय ठेवून त्याने मागे वळून विचारले, “सर, त्या नाटकात शेवटी राजाचं काय होतं हो? तिसऱ्या अंकाची नक्कल आपण मला दिलीच नव्हती.”

ती नाटिका आम्हीच लिहिलेली. पण पंधरा वर्षांनंतर, त्या गर्दीत, आम्हांस तिचा शेवट काही केल्या आठवेना.